कोरड्या उन्हातला माणूस

आमच्या ऑफिसात जानेवारीला ‘सीझन’ म्हणत. नोकरीला लागल्यावर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला वाटलं, त्या महिन्यात विम्याच्या पॉलिसी जास्त खपत असतील. पण आमच्या मजल्यावर पॉलिसी विकत नसत. रबाळ्याच्या एमआयडीसीत, एका औषधाच्या कारखान्याला लागून असलेल्या इमारतीत, आम्ही मृत्यूचे दावे तपासत बसायचो. देशभरातून कागद यायचे. मेलेल्या माणसाचं नाव, वय, गाव, तारीख, कारण. हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं आणि कागदांशी जुळतं का ते बघायचं. आमच्या वरिष्ठ कर्णिक मॅडम नेरुळहून यायच्या, डब्यात नेहमी काहीतरी गोड असायचं. मला पहिल्याच दिवाळीत त्यांनी सांगून ठेवलं, “ज्योती, आत्ता गावाला जाऊन ये, पण जानेवारीत रजा मागू नकोस हं. आपला सीझन असतो. मग मे महिन्यात थोडं चढतं, पावसात तापाचे येतात. मधेमधे जरा श्वास घ्यायला मिळतो.” एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावर करंजी ठेवली.

मी वर्धेच्या पुढच्या, कापसाच्या जिनांच्या एका लहान गावातून आले होते. आमच्याकडे माणूस उन्हाने मरतो, असाच समज होता. ऊन लागणं ही आमची घरोघरची भीती. थंडी म्हणजे हुरडा, जवसाची चटणी आणि शेकोटीभोवतीच्या गप्पा. थंडीचं कोणाला भ्यायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि इथे कागद सांगत होते, की पारा थोडासा उतरला की देशभरातली म्हातारी माणसं हळूहळू, आवाज न करता जायला लागतात. फार कडाक्याची थंडीही लागत नाही त्याला. कारणाच्या रकान्यात मात्र हवेचं नाव कधी नसायचं. हृदय बंद पडलं, श्वास थांबला, मेंदूत रक्तस्राव झाला. थंडी किंवा ऊन असं लिहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. एकेक कागद घेतला तर ऋतू दिसायचा नाही, कागदांचा ढीग पाहिला की दिसायचा. मी संख्याशास्त्राची पदवीधर. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात शिकलेलं काहीतरी खरंखुरं असतं, हे मला त्या ढिगाऱ्यांनी पटवलं. त्याचा आनंद व्हायचा, आणि मग कशाचा आनंद होतोय हे लक्षात येऊन जेवण जायचं नाही.

राहायला मी रबाळे गावात होते. मालकीण हिराबाई मावशी. त्यांची भातशेती कारखान्यांत गेली आणि भरपाईतून चार मजली इमारत उभी राहिली. गल्लीतल्या सगळ्याच इमारती अशा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. माझी खोली सर्वांत वर. तिला एकच खिडकी, आणि ती उघडली की हातभर अंतरावर पलीकडच्या इमारतीतलं स्वयंपाकघर. तिथली बाई भाजी फोडणीला टाकायची तेव्हा ठसका मला लागायचा. तरी आमची ओळख नव्हती. कोणी कोणाकडे बघायचं नाही, हाच तिथला शिष्टाचार. दिवसभर कारखान्यांचे भोंगे, कुकरच्या शिट्ट्या, लग्नसराईत हळदीच्या गाण्यांचे ढोल. एवढ्या आवाजात राहून मी रविवार रविवार कोणाशी एक शब्द बोललेली नसायची. एका माणसापुरती डाळ शिजवणं फार अवघड. कितीही कमी घातली तरी उरते, आणि दुसऱ्या दिवशी तीच डाळ गरम करताना माणसाला आपण एकटे आहोत हे नीट कळतं. संध्याकाळी मी मुद्दाम जिन्यात बसून तांदूळ निवडायची. मावशी वर-खाली करताना विचारायच्या, “जेवलीस का गो?” तेवढ्यासाठी.

आई मी बारावीत असतानाच गेली होती. गावाकडे बाबा एकटे. ते सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करायची. एका उन्हाळ्याच्या तोंडाशी ते म्हणाले, “आपला नामदेव शिंपी गेला व.” नामदेवकाका आमच्या गल्लीतले, एकटेच राहायचे. दुधाच्या पिशव्या दाराला तशाच लटकलेल्या दिसल्या, तेव्हा दूधवाल्याने हाका मारल्या. आत पंखा फिरत होता, काका खाटेवर होते. कधी गेले ते नक्की कोणालाच सांगता येईना. “डाक्टरनं हार्ट लिहिलं,” बाबा म्हणाले. “हार्ट कायचं? ऊन लागलं त्याले.”

त्या रात्री मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, “उन्हाळाभर इकडे या. तिकडे पंचेचाळीस होतं, इथे चौतीसच्या वर जात नाही. समुद्राजवळ आहे.”

“चवतीस?” बाबा हसले. “तेवढं तं आपल्या इथं होळीच्या आधीच राह्यते, बाप्पा. त्याले का उन्हाळा म्हनते का?” मग म्हणाले, “कुलर भेटते का तिकडं?”

“इथे कोणी कुलर लावत नाही, बाबा.”

“मंग लोकं झोपते कसे?”

आमचा कुलर बाबांनी स्वतः बनवला होता. मी दहावीला होते त्या उन्हाळ्यात जिनातला जुना पत्रा वाकवून, भंगारातली मोटर पुन्हा गुंडाळून, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवून. मी अभ्यासाला बसले की बाबा तो माझ्याकडे तोंड करून लावायचे आणि स्वतः बाहेर बाजेवर झोपायचे. त्या वाळ्याच्या वासात मी पदवीपर्यंत पोचले, असं म्हटलं तरी चालेल. बाबांनी तो कुलर ट्रकमध्ये घालून पाठवला आणि मागोमाग स्वतः बसने आले. तो कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या आवारात उतरला आणि आम्ही दोघं टेम्पो करून आणायला गेलो. टेम्पोवाला पोरगा त्याभोवती फिरला आणि म्हणाला, “काका, आधीच समुद्र आहे आपल्याकडे. अजून पाणी कशाला आणलंत?” बाबांनी त्याला वर्धेचा उन्हाळा समजावून सांगितला. तो गंभीरपणे मान हलवत राहिला.

मावशी दारातच उभ्या होत्या. “ह्यो काय गो आनलास? भट्टी हाय का?”

“कुलर आहे, मावशी. पाण्याचा.”

“पानी कवरा पितंय? माजी टाकी रिकामी व्हल हां.”

“तुमच्या टाकीले हात नाही लावत, बाई,” बाबा म्हणाले, “मी खालून बादलीनं आनीन.” आणि त्यांनी ते खरं केलं. चार मजले रोज.

आता मागे वळून बघते तर ते पहिले काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. ऑफिसातून येताना जिन्यातच गोळाभाताचा वास यायचा. बाबा वरच्या पायरीवर बसलेले असायचे. सकाळी खाली पाणी भरताना काय काय पाहिलं ते सांगायचे, म्हणजे गल्लीतून कोण गेलं आणि भाजीवाल्याने मावशींना कसं फसवायचा प्रयत्न केला. मावशींशी त्यांचं चांगलं जुळलं होतं. मावशी त्यांना सुकटीची चटणी द्यायच्या, ते नाक मुरडत चाखायचे आणि पुन्हा मागायचे. “कापूस पिकवनारा मानूस मासली खातंय बग,” मावशी खालच्या मजल्यावरच्यांना ओरडून सांगायच्या. डाळ उरायची बंद झाली. मी आल्याबरोबर दिवे लावायची नाही, कारण ते आधीच लागलेले असायचे.

पण मी दिवसभर नसायचे. बाबा आमच्याकडच्या रीतीने उन्हाळा काढत होते. आमच्याकडे सकाळीच घर बंद करतात. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कुलर सुरू करायचा, ऊन उतरेपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेर जावंच लागलं तर खिशात कांदा. खरं तर कुलर खिडकीत बसवायचा असतो, बाहेरची हवा आत ओढण्यासाठी. फिटर माणसाला हे सांगावं लागत नाही. पण माझी खिडकी उघडली की समोर परक्या बाईचं स्वयंपाकघर. “दिवसभर कोनाच्या बाईमानसाकडं पाहत बसू का मी?” बाबा म्हणाले. त्यांनी खिडकी घट्ट लावली, वर जुन्या चादरीचा पडदा शिवला आणि कुलर खोलीच्या आतच ठेवला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आमचं घर तसंच असायचं. शिवाय पाऱ्याचा आकडा माझ्या बाजूने होता. पंचेचाळीस सोसलेल्या माणसाला चौतीस काय करणार?

आज माझ्या फोनवर तापमानाच्या खाली दुसरा एक आकडा दिसतो, अंगाला किती जाणवेल तो. मे महिन्यात या दोन आकड्यांत बरंच अंतर पडतं. तेव्हा असलं काही आमच्या हातात नव्हतं. खोलीतल्या वस्तू मात्र सांगत होत्या. गावाहून आणलेले पापड सादळले, मुगवड्यांना बुरशी आली, काडेपेटी पेटेना. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं तेव्हा बाबा म्हणाले, “तुह्या मुंबईत मीठबी घाम गाळते व.” आम्ही दोघं खूप हसलो. त्यांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. जेवण निम्म्यावर आलं होतं. विचारलं की म्हणायचे, “मजेत हाओ. उन्हाळ्यात कुठं भूक लागते?” मी त्यांना पन्हं करून ठेवायची, ते संध्याकाळी तसंच दिसायचं. कुठेतरी मला कळत होतं. पण मी ‘त्रास होतो का’ असं विचारलं आणि ते ‘होतो’ म्हणाले, तर त्यांना परत पाठवावं लागलं असतं. मग मी प्रश्न अर्ध्यावरच सोडायची. तेही उत्तर अर्ध्यावर सोडायचे.

मे सरत आला तशी हवा पडली. आकाश भरून आलं होतं, पाऊस नव्हता, पान हलत नव्हतं. त्या दिवशी सकाळी बाबा दारातून वर बघून म्हणाले, “आज तं ऊनच नाही. आज आराम.” मी निश्चिंत मनाने ऑफिसला गेले.

दुपारी मावशींचा फोन आला. “ज्योती, यं लवकर. तुजा बापूस बोलत नाय गो सरका.”

रिक्षात बसल्यावर मला नामदेवकाकांच्या दारावरच्या पिशव्या दिसत राहिल्या. मी त्या प्रत्यक्षात कधी पाहिल्याच नव्हत्या.

जिना चढून गेले तर बाबा वरच्या मजल्याच्या दारासमोर, मोकळ्या जागेत फरशीवर होते. बनियन काढलेलं, अंगावर ओली साडी. मावशी शेजारी बसून सुपाने वारा घालत होत्या. आत माझ्या खोलीत खिडकी सताड उघडी होती, चादरीचा पडदा फाटून लोंबत होता, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरातली ती बाई खिडकीतून हात लांब करून बर्फाचा ट्रे देत होती. तो तिसरा की चौथा असावा. तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या, आपापल्या घरचा बर्फ घेऊन. मी ट्रे घेतला. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. “काखेत लावा, मानेला लावा,” ती म्हणाली. “अजून आहे.”

बाबांचं अंग तव्यासारखं होतं. डोळे अर्धवट उघडे. ते पुटपुटत होते, “पट्टा काढा… पट्टा काढा आधी…” जिनातल्या मशीनचा पट्टा. मी म्हटलं, “काढला, बाबा. मशीन बंद झालं.” मग ते गप्प झाले, आणि त्यांच्या त्या गप्प होण्याने मी जास्त घाबरले.

मावशींच्या मुलाने गाडी काढली. वाटेत त्या मला सांगत होत्या, थांबत नव्हत्या. “मी भांडाला आल्ते गो. तुज्या त्या भट्टीचं पानी गलून माज्या खोलीचं छत सडलं. आज बोलले, सोडाचाच नाय म्हाताऱ्याला. दार ठोकते, ठोकते, उघडंच नाय. मंग ढकललं. आत काय, वाफच आली तोंडावर. भात उघडल्यावर येते तशी.” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “भांडाचं तसंच ऱ्हायलं.”

हॉस्पिटलातला डॉक्टर अगदी तरुण होता. बंद खोलीत कुलर, हे ऐकून त्याने पेन खाली ठेवलं. “कुलर? इथे?” मग जरा सावरून त्याने समजावलं. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यात बंद खोलीत आणखी पाणी सोडलेलं. घाम वाळायला जागाच नाही, शरीर आतल्या आत शिजत राहतं. त्याला ऊन असावं लागत नाही. “थोडा उशीर झाला असता,” तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही. पुढचं मला पाठ होतं. मी ते रोज कॉम्प्युटरवर भरत होते.

बाबा वाचले. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं म्हणाले, “कुलर बंद केला का?” घरी आल्यावर मोकळ्या खिडकीसमोर खाट टाकली. पलीकडची बाई आता रोज विचारायची, “काका, बरं आहे का?” बाबा मान खाली घालून ‘हो’ म्हणायचे. पण ते मनाने परत निघाले होते, हे मला दिसत होतं. “आता माहं काम झालं इथलं,” ते एकदा म्हणाले. “तुह्यावर भार कायले? माहं ऊन मले ओळखीचं हाय.” पाऊस तोंडावर होता, घराची कौलं फेरायची होती. अडवायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. मी त्यांना बोलावलं होतं ते जीव वाचवायला. आणि इथेच तो जाता जाता राहिला होता.

कळंबोलीहून संध्याकाळची बस होती. आम्ही लवकर पोचलो. ट्रक येत होते, जात होते, लोखंडाच्या सळ्या उतरवल्याचा खणखणाट चालला होता. बाबांच्या हातात एकच पिशवी. मी त्यांना पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली, कुठे उतरायचं ते सांगितलं, जे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग द्यायला-सांगायला काही उरलं नाही आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, मला इथे करमत नाही. एकटीला. म्हणून बोलावलं होतं तुम्हाला. ऊन वगैरे नंतरचं.”

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“मंग तसं सांगाचं होतं,” ते म्हणाले. “तू म्हने उन्हाळाभर या. उन्हाच्या भेवानं बलावलं असं समजून आलो मी. एका उन्हाळ्याच्या हिशोबानं आलो. किल्ली शेजारी ठेवून आलो. करमत नाही म्हनली असती, तं घर कायमचं बंद करून आलो असतो.”

“मग आता?”

“आता कौलं फेरून येतो.”

बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि काच सरकत नव्हती तर फिटरच्या सवयीने तिच्या खाचेत बोट घालून बघायला लागले. बस निघाली तेव्हाही ते काचेशीच झटत होते. माझ्याकडे बघायचं राहून गेलं. तो पावसाळा मी कसा काढला ते सांगत नाही. डाळ पुन्हा उरायला लागली, एवढंच.

बाबा दसऱ्यानंतर आले. एक लोखंडी पेटी, आईचा फोटो, भांडी. घर बंद करून. पुढे लवकरच ऑफिसात कागद चढायला लागले. बाबांच्या वयाच्या माणसांचे, बाबांसारख्याच गावांतले. थंडीत म्हाताऱ्या माणसाचं काय होतं हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी या वेळी मी ऋतू बघून बोलावलं नव्हतं. मला करमत नव्हतं म्हणून ते आले होते, आणि मी ठेवून घेतलं. ते सकाळी गच्चीवर स्वेटर घालून उन्हात बसायचे. मावशी उघड्या दंडांनी वाळवण घालता घालता हसायच्या, “याला थंडी बोलतंय म्हातारा!” पुढच्या उन्हाळ्यांत खाट खिडकीसमोरच राहिली. हवा पडली की पलीकडच्या बाई आठवणीने विचारायच्या आणि मी ऑफिसातून दोनदा फोन करायची. फोनवर मी आता त्रास होतो का ते पूर्ण विचारायची, आणि ते पूर्ण सांगायचे. कधी कधी नको तितकं.

माझं वय आता बाबांच्या तेव्हाच्या वयाकडे झुकलंय. उन्हाळ्यात सरकारकडून फोनवर सूचना येतात, पाणी प्या, घराबाहेर पडू नका. त्या चांगल्याच आहेत. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, त्यात आणखी एक ओळ असायला हवी, की शेजारचं दार ठोठावून बघा. भांडण काढून का होईना.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा ऋतू मी इथे लिहीत नाही. ऑफिसातल्यांनी भेटायला आल्यावर तारीख विचारली होती आणि ती ऐकून एकमेकांकडे पाहून मान हलवली होती, सवयीने. त्यांचा दोष नाही, मीही तेच केलं असतं. माझ्यापाशी त्या दिवसाचं एवढंच आहे, की सकाळची वेळ होती, त्यांनी चहा मागितला, मी आधण ठेवलं, ते काहीतरी बोलत होते आणि मी इकडून ‘हं, हं’ म्हणत होते. मग बोलणं थांबलं. मी लगेच वळले.